सहाशे बारा किलोमीटरचं तेल

थापड बसली तेव्हा सृष्टीच्या हातात इंजिन ऑइलचं झाकण होतं.

थापड म्हणजे नुसती चापट नव्हे. अंगदकाकाचा तळहात बाजेच्या पाटीएवढा रुंद आणि तेवढाच कडक. कानात शाळेची घंटा घणघणली, खालचा ओठ दातावर आपटून फुटला, तोंडात खारट चव आली, आणि झाकण हातातून उडून गोठ्याच्या बाजूला कुठंतरी गेलं. सृष्टी पडली नाही. हे नीट ध्यानात घ्या, पडली नाही. दोन पावलं मागं गेली, पांढऱ्या गाडीला पाठ टेकवून उभी राहिली आणि रक्त थुंकून म्हणाली, "काका, झाकणाला आतून साय धरलीय. मला मारून ती जाणार न्हाई."

महिन्यापूर्वीची सृष्टी असती तर चुलीमागं जाऊन रडली असती. पण दहावीतल्या ह्या पोरीला महिन्यापूर्वी नायगावच्या विज्ञान मेळाव्यात चारशे माणसांसमोर माईक मिळाला होता, आणि तिचा आवाज तेव्हा जो वर गेला तो अजून खाली आलेला नव्हता. तारामती, म्हणजे तिची आई, म्हणायची, "हिच्या गळ्याचं बटन बिघडलंय."

आता ती गाडी काय, आणि तिच्या तेलासाठी माणूस पुतणीवर हात का टाकतो, ते सांगायला पाहिजे.

तीन वर्षांमागं राजकन्याकाकूला, म्हणजे अंगदकाकाच्या बायकोला, पहिल्या खेपेचे दिवस भरले होते. नांदेडला न्यायला गावातली भाड्याची जीप केली. जीप पुलाच्या अलीकडं बंद पडली ती पडलीच. दोन तास दुसरं वाहन मिळालं नाही. बाळ जीपमध्येच आलं आणि रडलं नाही. मागाहून कळलं की त्या जीपचं इंजिन आदल्याच दिवशी एका मिस्त्रीनं खोललं होतं. अंगदकाकानं जीपवाल्याचा जबडा मोडला, मिस्त्रीच्या टपरीचा पत्रा न् पत्रा उचकटून नाल्यात फेकला, आणि सव्वा महिन्यानं दारात ही पांढरी गाडी आणून उभी केली. घरासमोर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ह्या घरातल्या बाईला परत उसन्या गाडीत बसायची पाळी येनार न्हाई."

आणि मग गाडी ठेवूनच दिली! कुणी बसायचं नाही. किशनराव, सृष्टीचे पप्पा, शेजारच्या गावात प्राथमिक शाळेवर मास्तर. ते मोटरसायकलवर जाणार. उमरीला मावसबहिणीचं लग्न होतं तेव्हा अख्खं घर एसटीनं उभं राहून गेलं, आणि गाडी पत्र्याच्या शेडात सोयाबीनच्या पोत्यांशेजारी, अंगावर गोधडी घेऊन झोपलेली. "कामाच्या दिवशी नवी पाहिजे," काका म्हणायचा. "झिजवायची न्हाई." तीन वर्षांत मीटरवर सहाशे बारा किलोमीटर. त्यातले निम्मे तर शोरूमवरून घरी आणताना आणि सासरवाडीला दाखवताना झाले.

फक्त अमावस्येला गोधडी निघायची. गाडी धुवायची, बॉनेटवर हळदीकुंकवाचं बोट, चाकाखाली लिंबू, समोर नारळ, बंपरला नवी लिंबू-मिरची आणि काळी बाहुली. मग काका आत बसून चावी फिरवायचा. पाच मिनिटं घर्रर्र. बंद. गोधडी. एक अमावस्या चुकली नाही. तापानं फणफणला होता तेव्हासुद्धा दोघांनी धरून त्याला शेडात नेलं होतं.

आणि आता तो कामाचा दिवस आला होता. राजकन्याकाकूचा नववा महिना. नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, कळ सुरू झाली की वाट बघायची नाही, तडक निघायचं.

आठ दिवसांमागं सृष्टीनं डॅशबोर्डच्या खणातलं माहितीपुस्तक काढून वाचलं. त्याची प्लास्टिकची पिशवीसुद्धा फोडलेली नव्हती. तिच्या डोक्यात पान बसलं ते बसलंच: तेल दहा हजार किलोमीटरला किंवा एका वर्षानं बदलायचं, जे आधी होईल ते. जे आधी होईल ते! तिनं जेवताना सांगितलं तर काका भाकरी हातात धरून हसला.

"सहाशे किलोमीटरला तेल बदलू? तेल काय दूध हाय का नासायला?"

"काका, वर्ष तीन झाली."

"बाटलीतलं तेल दुकानात पडून राहत न्हाई का? आँ? वापरलंच न्हाई तर खराब कसं व्हतंय?"

पटण्यासारखं होतं, तिथंच तर गोची होती. म्हणून तिनं नायगावला नागप्पा मिस्त्रीला फोन लावला. नागप्पा मूळचा देगलूरचा. रागावला की तेलुगू, खूश झाला की कानडी, आणि मराठी गिऱ्हाइकासाठी. तो म्हणाला, "ऐक अम्मा. न चालवता ठेवली ते एक पाप. महिन्याला पाच मिनिटं चालू करून बंद केली ते मोठं पाप. इंजिन नीट तापायच्या आत तुम्ही बंद करून राहिले. आतला घाम बाहेर जात न्हाई, तेलात उतरतो. झाकण खोलून बघ. आतून साय दिसली तर मला फोन कर."

हाच नागप्पा दिवाळीत गाडी बघायला आला होता, तर काकानं तुराटीचा भारा उगारून त्याला डांबरी रस्त्यापर्यंत पळवलं होतं. "कंपनीनं बंद करून दिलेलं इंजिन हाय," काका ओरडत होता, "मिस्त्रीचा हात लागला की मेलं समजा!" माणूस वेडा नव्हता. त्याच्या डोक्यात ती खोललेली जीप तीन वर्षं उभी होती, बस्स.

तर आज अमावस्या. दुपारचे चार. काका नारळ आणायला घरात गेला एवढ्यात सृष्टीनं बॉनेट उचललं, झाकण फिरवलं, उलटं केलं. आत पिवळट पांढरी, जाड, चिकट साय. दुधावर असते तशीच. तिनं आधी नागप्पाला फोन केला, तो नेमका तेल-फिल्टर घेऊन जवळच कामाला आला होता, मग झाकण घेऊन काकाच्या समोर धरलं. आणि थापड बसली.

"अमावस्येला खोललं! आठ दिवसांवर माझं लेकरू आलंय, आनि तू आज खोललं! कार्टे, तुझा हातच..." काकानं दुसऱ्यांदा हात उचलला.

तो खाली आलाच नाही. कारण तेवढ्यात शाळेतून आलेले किशनराव शेडाच्या तोंडाशी उभे होते.

किशनरावांबद्दल गावात एकच गोष्ट सांगायचे, मास्तर विंचूसुद्धा चिमट्यानं धरून बांधावर सोडून येतात. त्या किशनरावांनी लेकीचा फुटलेला ओठ बघितला, डोक्यावरचं हेल्मेट काढलं, पट्ट्याला धरलं आणि गोफणीसारखं फिरवून धाकट्या भावाच्या तोंडावर हाणलं.

खाट्! नाकातून रक्ताची पिचकारी थेट पांढऱ्या बॉनेटवर, हळदीकुंकवाच्या शेजारी.

"दादा?" काका म्हणाला. एवढंच. त्याला दुखण्यापेक्षा नवल जास्त वाटलं असावं. मग नवल संपलं. त्यानं डोकं खाली घातलं आणि पोळ्यातल्या बैलासारखा दादाच्या पोटात घुसला. दोघं मागच्या पत्र्यावर धडकले, पत्रा वाकला, वरचं सोयाबीनचं पोतं फाटून दाणे धो धो खाली आले आणि दोघं त्या दाण्यांवरून घसरून पडले. काका वर, पप्पा खाली. गुद्दा. गुद्दा. पप्पांचा चष्मा मोडला. पप्पांनी मूठभर सोयाबीन काकाच्या डोळ्यात मारलं आणि त्याच्या मनगटाला कडकडून चावले. एक मास्तर, डी.एड. झालेला माणूस, चावला!

"माझ्या पोरीला हात लावतो? माझ्या?"

"तुझी पोरगी माझं घर बुडवाया निघाली!"

"हात न् पाय तोडीन तुझे!"

"तोड! चष्मा शोध आधी!"

सृष्टीनं मधे पडायचा प्रयत्न केला तर कुणाचं तरी कोपर बरगडीत बसलं आणि श्वासच थांबला. तारामती पुरणाचा झारा हातात घेऊन धावत आली, "अहो! भावजी! सोडा!" म्हणत दोघांच्या पाठीवर सारख्याच तडफेनं झारा हाणू लागली. गरम पुरण उडत होतं. कुणीही कुणाला सोडत नव्हतं. त्या गडबडीत पप्पांचा डावा हात पाठीमागं पिरगाळला गेला, खांद्यातून कट् असा आवाज आला आणि ते जे किंचाळले ते सृष्टीला पुढं कितीतरी दिवस शाळेत बसल्या बसल्या ऐकू येत होतं.

आणि ह्याच वेळी, दुसरी वेळच मिळाली नाही त्याला, नागप्पा स्कूटरवरून आला. पुढं तेलाचा कॅन, पिशवीत नवा फिल्टर.

काकानं त्याला बघितलं. भावाला सोडून उठला. गाडीच्या डिकीशेजारी जॅकचा लोखंडी दांडा पडला होता तो उचलला.

"तू," काका म्हणाला. आवाज एकदम खाली आला होता, आणि तोच जास्त भीतीचा होता. "तुला मी सांगितलं व्हतं."

"अय्यो, सामी, पोरीनं बोलावलं मला..."

दांडा फिरला. नागप्पा मागं सरला म्हणून डोकं वाचलं. वार गुडघ्यावर बसला. तो ओरडत मातीत कोसळला, स्कूटर त्याच्या अंगावर. काकानं दांडा परत डोक्याच्या वर नेला, दोन्ही हातांनी, सरपण फोडायला नेतात तसा. आता हा माणूस मरणार, हे सृष्टीला अगदी स्पष्ट दिसलं. मेळाव्यातला माईक नाही, मार्क नाहीत, काही नाही. दांडा आणि त्याखाली नागप्पाचं टक्कल. ती धावली, काकाच्या पाठीवर उडी घेतली, गळ्याला हाताचा विळखा घातला आणि त्याचा कान दातांत धरला. धरला म्हणजे धरला. काका गर्रकन फिरला, तिला पत्र्यावर आपटलं, एकदा, दोनदा. तिचे दात सुटले नाहीत. दांडा मात्र हातातून निसटून गाडीच्या पुढच्या काचेवर गेला आणि काचेवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चीर गेली.

त्या आवाजानं सगळे थांबले. तीन वर्षं जिला ओरखडा येऊ दिला नव्हता तिची काच.

आणि मग दारातून राजकन्याकाकू आली. एक हात पोटाखाली, एक हातात विळा. केस मोकळे, डोळे झोपेतून उठल्यासारखे सुजलेले. कुणाकडं बघितलं नाही. सावकाश, पाय फाकवत, दाण्यांवरून जपून चालत गाडीच्या पुढं गेली आणि विळ्याच्या एका झटक्यात बंपरची लिंबू-मिरची कापली. दुसऱ्या झटक्यात काळी बाहुली.

"राजकन्या!" काका हादरला. "आगं, आज अमावस्या..."

"त्या दिवशी जीपला बी लिंबू बांधलेलं व्हतं," काकू म्हणाली.

गोठ्यातल्या म्हशीनं शेपटी आपटली.

"तुम्ही पुढं बसला व्हता. तुमाला ते दिसलं नसंल. मी मागं पडले व्हते. दोन तास मी त्या लिंबाकडंच बघत व्हते, मागच्या दाराला लटकलेलं." तिनं विळा बॉनेटवर ठेवला, रक्ताच्या डागाशेजारी. "ही पोरगी पुस्तक वाचून सांगून राहिली. मिस्त्री सांगून राहिला. तुमी कुनाचं ऐकना. आता माझं ऐका. तेल बदला. न्हाईतर कळ आली की मी चालत जाते नांदेडला. पुलावर बसते. तिथं माझं एक लेकरू हायच, दुसरं बी तिथंच..."

"न्हाई," काका म्हणाला. "न्हाई, न्हाई. बोलू नको तसं."

तो मटकन सोयाबीनवर बसला. नाकातून, कानातून रक्त. दांडा उचलायला त्याला कुणीच अडवलं नसतं, पण त्यानं उचलला नाही.

नागप्पानं स्कूटरखालून पाय ओढून काढला. गुडघा भोपळ्याएवढा झाला होता. "तेल बदलायला आलो न् गुडघाच बदलून चाललो," तो कण्हत म्हणाला, आणि मग, मानलं पाहिजे माणसाला, म्हणाला, "पोरी, मला वाकता येत न्हाई. तू घुस खाली. जॅक लाव, मागच्या चाकाला दगड लाव. मी सांगतो तसं कर."

सृष्टी घुसली. बरगडी ठणकत होती, ओठ सुजून टोमॅटो झाला होता, पण ती मनातून हरखली होती, त्याला इलाज नव्हता. पाठीखाली माती, नाकावर इंजिनाचं पोट. नागप्पानं सांगितलेला नट सापडला. पाना बसवला. ओढला. ढिम्म. दोन्ही हातांनी ओढला. पाय टेकवून ओढला. कंपनीनं आवळलेला, तीन वर्षं कुणाचा हात न लागलेला नट; तो दहावीतल्या पोरीला काय दाद देतोय!

"न्हाई हलत!" ती खालून ओरडली.

पप्पांचा एक हात निकामी. नागप्पाचा पाय निकामी. मग तिच्या शेजारी माती घासल्याचा आवाज झाला, रक्ताचा आणि घामाचा वास आला, आणि अंगदकाकाचं मोडकं नाक तिच्या खांद्याशी येऊन थांबलं. तिच्याकडं न बघता त्यानं हात पुढं केला. तिनं पाना दिला. देताना मूठ घट्ट धरली, वाटलं तर हाणायला.

काकानं एक हिसका दिला. कर्र. नट फिरला.

आधी पाणी आलं. तेल नव्हे, पाणी. गढूळ, पळी-दोन पळ्या, काकाच्या तोंडावरच. त्यानं तोंड फिरवलं नाही. मग दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाचं, गाठीगाठीचं काहीतरी थबकत थबकत घमेल्यात पडू लागलं. मग काळं. काका ती धार बघत पडून राहिला. त्याच्या छातीचा भाता वर-खाली होत होता, आणि सृष्टीला कळलं की हा माणूस रडतोय, अगदी आवाज न करता, तोंडावरच्या पाण्यात पाणी मिसळून.

"मिस्त्री," त्यानं खालूनच विचारलं, "ह्याच तेलावर गेलो असतो तर?"

नागप्पानं खोटं सांगितलं नाही. "गेली असती बी. नसती बी. पण मी माझी बायको बसवली नसती."

नवा फिल्टर बसला, नवं तेल पडलं, मधासारखं. झाकण मिळेना. तारामतीनं ते शेवटी म्हशीच्या गव्हाणीतून काढलं. म्हशीनं बाहेरून चाटून लखलखीत केलेलं, आतली साय तशीच; ती पुसून मग बसवलं. मग नागप्पानं अट घातली: आत्ताच्या आत्ता वीस किलोमीटर चालवायची, काटा तापेपर्यंत. काका स्टेअरिंगवर, नागप्पा शेजारी पाय लांब करून, पप्पा आणि सृष्टी मागं. गेले ते नायगावच्या दवाखान्यातच. पप्पांचा खांदा बसवला, नागप्पाचा गुडघा बांधला, काकाच्या कानाला चार टाके. डॉक्टरनं विचारलं, कशानं झालं? काका म्हणाला, "तेल बदलताना."

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला कळ आली.

मग पूल आला. चिरलेल्या काचेतून रस्ता दोन तुकड्यांत दिसत होता. काकाची बोटं स्टेअरिंगवर पांढरी पडली होती. काकूनं मागच्या सीटवर सृष्टीचा हात असा आवळला की हाडं वाजली, आणि जीप बंद पडली होती तिथली बाभळ मागं पडेपर्यंत सोडला नाही. इंजिन काही बोललं नाही. नुसतं चालत राहिलं.

नांदेडच्या दवाखान्यात काउंटरवरच्या सिस्टरनं मान वर केली. समोर नाकाला पट्टी, कानाला टाके, काळेनिळे डोळे असा एक. गळ्यात हात अडकवलेला, अर्धा चष्मा चिकटपट्टीनं जोडलेला दुसरा. आणि सुजक्या ओठाची एक पोरगी.

"ह्यातला पेशंट कोण?" सिस्टरनं विचारलं.

"मी," मागून काकू म्हणाली, आणि भिंत धरून ओरडली.

दीड वाजता आतून रडण्याचा आवाज आला. लहान, चिरका, संतापलेला. मुलगी होती. काका बाकावरून उठला, परत बसला, परत उठला, आणि मग सृष्टीच्या समोर येऊन उभा राहिला. काहीतरी बोलायचं होतं त्याला. शेवटी त्यानं मान वाकवून गाल पुढं केला.

"हान," तो म्हणाला. "एक हान मला. जोरात."

सृष्टीनं त्या गालाकडं बघितलं. दाढीचे खुंट, कानाचे टाके, टाक्यांखाली तिच्याच दातांची खूण. हात शिवशिवला, खोटं कशाला बोला.

"न्हाई," ती म्हणाली. "हानलं की तुमी म्हननार फिटलं. ते फिटलेलं न्हाई, काका. तुमी नागप्पाला मारूनच टाकलं असतं. मी पाठीवर नसते तर मारलंच असतं."

काकानं गाल मागं घेतला.

"त्याच्या घरी जायचं. गुडघा बरा होईस्तोवर रोज सकाळी त्याला गाडीत घालून गॅरेजला सोडायचं, संध्याकाळी घरी आनायचं."

"ह्या गाडीत?"

"ह्याच. येता-जाता मला बी शाळेत सोडायचं."

आत ते लेकरू गळा काढून ओरडत होतं. त्याच्याही गळ्याचं बटन बिघडलेलं असावं. काकानं खिशातून चावी काढली, तिच्याकडं बघितलं, आणि मान डोलावली.